परमच्या पिढ्या आणि हरवलेल्या लायब्रऱ्या

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तेव्हा ‘लायब्ररी सापडत नाही’ अशी तक्रार करायला वावच नव्हता. त्यातल्या इन्मॉसच्या ट्रान्सप्यूटर चिपांना व्हर्च्युअल मेमरी नव्हती. प्रोग्रॅम आपली शिदोरी, म्हणजे लागणारा सगळा कोड, बरोबर घेऊनच चिपवर चढे.

१९९८ चा ‘परम १००००’ सनच्या सोलारिसवर चालला आणि तिथे शेअर्ड लायब्ररी होती. सामाईक कोड डिस्कवर एकदाच ठेवायचा, प्रोग्रॅममध्ये फक्त त्याचं नाव लिहायचं. सुरू होताना लोडर तो शोधून जोडतो. जागा वाचली, पण शोधायचं कुठे? सोलारिसवर त्यासाठी ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होता. २००३ चा ‘परम पद्म’ बेंगळुरूत बसला, आयबीएमच्या एआयएक्सवर. तिथे त्याच कामाला ‘लिबपाथ’!

पुढच्या ‘परम युवा’पासून लिनक्स आलं. नावांचा घोळ मिटला आणि आवृत्त्यांचा सुरू झाला.

सेंटओएस या लिनक्सच्या ७ व्या आवृत्तीवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम सेंटओएस ६ वर नेला की तो बऱ्याचदा ‘ग्लिबसी २.१४ सापडत नाही’ म्हणून अडतो. ग्लिबसी म्हणजे लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी. तिची फाइल तर जागेवर असते! मेख ‘मेमकॉपी’ या, मेमरीतला डेटा कॉपी करणाऱ्या साध्या फंक्शनमध्ये आहे. २०१० च्या सुमारास ते वेगवान करताना कॉपीची दिशा बदलली आणि त्याचा नियमबाह्य वापर करणाऱ्या फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरू लागला. चूक फ्लॅशची, शिव्या लिनक्सला. मग २०११ च्या ग्लिबसी २.१४ मध्ये ‘मेमकॉपी’ला नवा आवृत्ती-शिक्का मिळाला, जुन्या प्रोग्रॅमांसाठी जुनं रूपही ठेवलं. सेंटओएस ६ मध्ये ग्लिबसी २.१२, सेंटओएस ७ मध्ये २.१७. म्हणून जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालतो, उलट मात्र नाही.

अडलेला माणूस आधी ‘एलडीडी’ ही कमांड चालवतो, आणि ते बरोबरच आहे: कोणती लायब्ररी कुठून येते, कोणती ‘नॉट फाउंड’, हे ओळीओळीने दिसतं. (अनोळखी फाइलीवर ते चालवू नये, कधी कधी तो प्रोग्रॅमच सुरू होतो.) त्यानंतरचा मोह वाईट. नवं ग्लिबसी कुठूनतरी उचलून ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये घातलं, की लोडर जुना आणि लायब्ररी नवी अशी विजोड जोडी जमते; त्या टर्मिनलवर साधं ‘एलएस’सुद्धा कोसळतं.

पुण्यातच, पाषाणच्या आयसरमध्ये, २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ आला. असल्या सामाईक यंत्रावर ग्लिबसीला हात लावू नये. तिथल्याच कंपायलरने प्रोग्रॅम पुन्हा बांधावा; सोर्स हाती नसेल तर लायब्रऱ्यांसकट कंटेनरमध्ये न्यावा.