पहिला धनी

गेल्या वर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी सोने द्यायला घरी आला. आपट्याची पाने हातावर ठेवली, वाकून नमस्कार केला, आणि निघायचे सोडून उंबऱ्याशी घुटमळत उभा राहिला. विद्यार्थी असा घुटमळला म्हणजे दोनच गोष्टी संभवतात. एक तर त्याचे लग्न ठरलेले असते, नाहीतर त्याला पैसे हवे असतात. तिसरीही एक गोष्ट असू शकते, हे मला त्या दिवशी कळले. त्याने खिशातून अवजड वाहनाच्या परवान्याचे कार्ड काढून माझ्यासमोर धरले आणि विचारले, “गुरुजी, परवाना तर झाला. आता पहिली नोकरी कुणाकडं धरू?”

आमचे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर, चांदवडच्या अलीकडे. रात्री शाळेच्या वह्या तपासायला बसलो की मालमोटारींची घरघर अखंड ऐकू येते. तरी हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता, आणि मलाही तो सुचला नव्हता.

पोरापुढे तीन वाटा होत्या. गावातल्याच एका शेठच्या दोन गाड्या होत्या. तो पन्नास हजार रुपये उचल द्यायला तयार होता, फेडायचे ते फेऱ्यांमधून. नाशिकची एक मोठी वाहतूक कंपनी पगार कमी देत होती, पण पहिले सहा महिने जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवणार होती. तिसरा एक बुकिंग एजंट म्हणत होता, की कशाला चाकरी करतोस, हप्त्यावर गाडीच घे, माल मी देतो. पोराच्या आईला उचल हवी होती, कारण मुलीच्या लग्नाचे देणे डोक्यावर होते.

“दोन दिवसांनी ये,” असे मी त्याला सांगितले. त्या दोन दिवसांत जे आठवले, आणि जे पुस्तकांतून शोधावे लागले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या पुराणांत सारथ्याची मोठी थोरवी आहे. श्रीकृष्णाने अर्जुनाचे सारथ्य पत्करले आणि शल्याने कर्णाचे. एकाने मनापासून पत्करले, दुसऱ्याने नाइलाजाने. आणि दोघांच्या रथींचे पुढे काय झाले ते शेंबडे पोरही सांगेल. रथीने सारथी कसा निवडावा, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. सारथ्याने रथी कसा निवडावा, हे मात्र कोणी सांगत नाही.

माल वाहणाऱ्यांचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ लमाणांच्या तांड्यांवरून जात असे. हजारो बैल, त्यांच्या पाठीवर गोण्या, आणि तांड्याला एक नायक. मोगलांच्या फौजांना रसद याच तांड्यांनी पुरवली आणि पुढे इंग्रजांच्या फौजांनाही. त्या नायकाला कोणी निवडत नसे. माणूस तांड्यातच जन्मे आणि तांड्यातच मरे. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, आणि घाटावरचा माल बैलगाडीने कोकणात उतरू लागला. पण १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून आगगाडी वर चढली, आणि लांब पल्ल्याच्या बैलगाडीचे दिवस भरले. गाडीवान उरला तो स्टेशनापासून गावापर्यंत.

रस्त्याला पुन्हा दिवस आले ते पहिल्या महायुद्धानंतर. लढाईसाठी आणलेल्या लॉऱ्या नंतर विक्रीला निघाल्या, आणि ज्याच्या गाठीला चार पैसे होते त्याने एखादी घेऊन धंदा मांडला. मोटारहाक्यालाही परवाना हवा, हे १९१४ च्या कायद्याने आधीच ठरवले होते. पण रस्ते मोटारीच्या लायकीचे नव्हते. त्यांचा विचार करायला १९२७ साली सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर होते. जयकर समितीच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवरच्या करातून रस्ते निधी उभा राहिला. आजचा ड्रायव्हर पंपावर डिझेल भरताना रस्त्यासाठी जो कर देतो, त्याचे मूळ तिथे आहे.

रस्ते सुधारले तशी रेल्वेला धास्ती वाटू लागली. मोटारींनी आमचे गिऱ्हाईक पळवले, अशी तिची तक्रार सुरू झाली, आणि १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. माल नेणाऱ्या गाडीला परमिटाची गाठ पडली. लोकांचा माल भाड्याने नेणारी गाडी ती ‘पब्लिक कॅरिअर’, आणि स्वतःचाच माल नेणारी ती ‘प्रायव्हेट कॅरिअर’. कपाळावर ‘पब्लिक कॅरिअर’ लिहिलेल्या गाड्या आमच्या पिढीने लहानपणी पाहिल्या, त्या याच कायद्याची लेकरे. परमिट मिळणे कठीण, म्हणून परमिटवाला मोठा. ड्रायव्हरने कितीही काटकसर केली तरी एकवेळ तो गाडी घेऊ शके, परमिट कुठून आणणार?

स्वातंत्र्याच्या सुमारास गाड्या देशातच तयार होऊ लागल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधायला घेतल्या. आणि मधल्याच काळात, १ जून १९४८ रोजी, पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली.

या तारखेला आपण सोहळे करतो ते योग्यच आहे. पण मोटारहाक्यांच्या घरात त्या तारखेने एक रेघ ओढली, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. माणसांची वाहतूक सरकारने घेतली, मालाची खासगी मालकांकडे राहिली. सारखेच चाक धरणारे दोन भाऊ. एकाला खाकी गणवेश, पगाराची श्रेणी, रजा आणि हजेरीपटावर नाव. दुसऱ्याला भत्ता, फेरीचे पैसे आणि शेठची मर्जी.

दुसऱ्या भावासाठी संसदेने १९६१ साली मोटार परिवहन कामगारांचा कायदा केला. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. जादा कामाचा दुप्पट दर. वाचून डोळे निवावेत असा कायदा. पण तो लागू होता तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आमच्याकडचे बहुतेक मालक एका-दोन गाड्यांचे. ज्यांच्या जास्त होत्या त्यांनीही वाट काढली.

ही वाट मी माझ्या मामाच्या संसारात पाहिली. मामा चौथी शिकला आणि एका गाडीवर क्लीनर म्हणून लागला. चढावर गाडी थांबली की चाकाला दगड लावायचा, ताडपत्री बांधायची, उस्तादाचे कपडे धुवायचे. दोन-तीन वर्षांनी एखाद्या रात्री उस्ताद मोकळ्या रस्त्यावर जागा बदलून चाक हातात देई. तीच त्यांची शाळा, तीच परीक्षा. १९७९ साली मामा ड्रायव्हर झाला आणि एका शेठकडे राहिला, कारण शेठने आठशे रुपये उचल दिली. ती उचल कधीच फिटली नाही. दिवाळीला दोनशे, बाळंतपणाला तीनशे, अशी ती वाढतच गेली. माल कमी भरला तर तूट मामाच्या अंगावर, जकात नाक्यावर गाडी दोन दिवस अडकली तर ते दिवस बिनपैशाचे. शेठच्या सहा गाड्या होत्या. दोन स्वतःच्या नावावर, दोन बायकोच्या, दोन मेव्हण्याच्या. कागदावर एकाही मालकाचे पाच कामगार होत नव्हते.

१९८७ साली कांदा भरून मुंबईकडे जाताना कसारा घाटाच्या उतारावर मामाचा ब्रेक गेला. गाडी त्याने डोंगराला घासून उभी केली. दरीत जाऊ दिली नाही, म्हणून क्लीनर वाचला. मामाचा पाय मांडीपासून मोडला. आमच्या ओटीवर तो चार महिने पडून होता. मी तेव्हा पहिलीत होतो, त्याला पाणी नेऊन द्यायचे काम माझ्याकडे. आई शेठकडे गेली. शेठ म्हणाला, “तो माझा माणूस नव्हेच. कुठं लिहिलंय?”

आणि खरोखरच कुठे लिहिलेले नव्हते. बिल्टीवर वाहतूक कंपनीचे नाव, गाडीच्या पुस्तकावर मेव्हण्याचे, हजेरीपट तर नव्हताच. मोठा झाल्यावर मला कळले, की कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई देणारा कायदा १९२३ पासून होता, आणि मोटारगाडीवरचा माणूस त्यात मोडत होता; मग मालकाची एक गाडी असो की शंभर. म्हणजे मामाचा हक्क त्याच्या जन्माच्याही आधीचा होता. नव्हता तो फक्त एक कागद, आणि तो कागद मागावा हे सांगणारा कोणी.

त्यानंतर रस्त्याने पुष्कळ स्थित्यंतरे पाहिली. १९७५ सालच्या राष्ट्रीय परमिटाने राज्यांच्या सीमा थोड्या सैल झाल्या होत्या. १९८८ च्या नव्या कायद्याने परमिट सुलभ केले, ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ हा भेद मिटवला. गाड्या वाढल्या तशी भाड्याची चढाओढही वाढली. त्या चढाओढीत काही माणसे मोठी झाली. १९७६ साली गदगला एका गाडीवर धंदा सुरू करणाऱ्या विजय संकेश्वरांच्या कंपनीच्या गाड्या आज आमच्या रस्त्यावरूनही जातात. एका गाडीचा मालक लहान म्हणून वाईट, असे म्हणता येत नाही ते यामुळेच. १ जुलै २०१७ रोजी मुंबईचा जकात नाका उठला आणि नाक्यावरच्या रात्री संपल्या. ड्रायव्हरला आठवी पासची अट मध्यंतरी होती, तीही २०१९ मध्ये निघाली. १९६१ चा कायदा २०२० च्या कामगार संहितेत गुंफला गेला, आणि त्या संहितेने नेमणूकपत्राची तरतूद केली. त्याच वेळी दंड मात्र वाढले. जादा माल भरल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने दोन हजारांवरून वीस हजारांवर गेला. माल भरायला सांगतो एक आणि पोलिसांपुढे उभा राहतो दुसरा, हे मात्र मामाच्या वेळेसारखेच राहिले.

दोन दिवसांनी पोरगा आला, बरोबर त्याची आई. मी त्यांना मामाची गोष्ट सांगितली आणि चार प्रश्न वहीच्या पानावर लिहून दिले. गाडी कोणाच्या नावावर आहे आणि तिचा विमा चालू आहे का? नेमणुकीचे पत्र मिळेल का? तूट आणि दंड कोणाच्या अंगावर? आणि पहिले काही महिने शेजारी कोण बसणार? एजंटाची गाडी त्याच रात्री बाद झाली. माल तोच देणार, भाडे तोच ठरवणार आणि हप्ता मात्र पोराने भरायचा, हे त्याच्या आईच्याच आधी लक्षात आले.

उरला शेठ. आई म्हणाली, “गुरुजी, कागदाचं खरं, पण पन्नास हजार कागदानं येत नाहीत.” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. शाळामास्तराच्या घरात पन्नास हजार कधी एकगठ्ठा नसतात. मी एवढेच म्हणालो, की शेठकडे आपण मिळून जाऊ. त्याने पत्र दिले तर उचल घ्या.

पत्राचा मसुदा मीच लिहिला. पाच ओळींचा. शेठने चहा पाजला, मसुदा दोनदा वाचला आणि हसून म्हणाला, “गुरुजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता ते ठीक. ड्रायव्हरला कधी कुणी पत्र देतं का? माझा शब्द आहे ना!” शेठ वाईट माणूस नाही. गावच्या सप्ताहाला सर्वांत मोठी पंगत त्याचीच असते. कदाचित त्याने शब्द पाळलाही असता. पण बाहेर पडल्यावर आई स्वतःच म्हणाली, “नको. तुमच्या मामालाही शब्दच मिळाला असंल.”

लग्नाचे देणे तिने बचत गटाच्या कर्जातून निम्मे फेडले. निम्मे अजून आहे. पोरगा नाशिकला लागला. पगार कमी आहे हे मलाही मान्य आहे, आणि दर महिन्याला त्याची आई मला त्याची आठवण करून देते.

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो घरी नव्हता. साडेनवाला त्याचा फोन आला. राहुड घाटाच्या पायथ्याशी एका ढाब्यावर गाडी उभी होती, घरापासून तासाभराच्या आत. शेजारच्या जुन्या ड्रायव्हरने स्टिअरिंगला हळदकुंकू वाहिले होते आणि दोघांनी मिळून एक पणती लावली होती. “गुरुजी, उस्ताद म्हणतात पुढच्या महिन्यात घाट माझ्या हाती देणार,” तो म्हणाला. मी विचारले, “पत्र मिळालं का रे?” त्याने हो म्हटले. ते पत्र त्याने आईजवळ दिले होते, आणि आईने ते देव्हाऱ्यात, लक्ष्मीच्या तसबिरीमागे ठेवले होते.