अंगावर जाणं आणि न सांगितलेली गोष्ट

मंडळी, निलंग्यात इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की आपण नीळकंठेश्वराचं मंदिर, निजामाचा काळ, मुक्तिसंग्राम असे विषय धरून चालतो. आज आम्ही पाळणा लांबवण्याच्या साधनांचा आणि त्यातून होणाऱ्या रक्तस्रावाचा इतिहास मांडणार आहोत.

सुरुवात 1965 पासून करू. त्या वर्षी सरकारने लूप देशभर आणला. त्यात हार्मोन नव्हतं, पण पुष्कळ बायकांच्या अंगावर जास्त जाऊ लागलं. लूप बसवण्याची घाई झाली, पुढची विचारपूस मात्र तोकडी पडली. गावोगाव धास्ती बसली, लूपचे आकडे घसरले आणि कार्यक्रमाचा जोर नसबंदीवर गेला.

पुढे हार्मोनची इंजेक्शनं आली. 1985 साली हैदराबादजवळ पटानचेरूला नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीचं शिबिर भरलं. पटानचेरू आपल्याला परकं नाही. 1956 पर्यंत निलंगा बिदर जिल्ह्यात होतं, म्हणजे एकाच हैदराबाद राज्यातली ही गावं. बायकांना नीट माहिती न देताच इंजेक्शन दिलं जातंय, असा आक्षेप स्त्री शक्ती संघटनेने घेतला. 1986 मध्ये ती संघटना, सहेली आणि चिंगारी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती 2000 साली निकाली निघाली. पाठपुरावा आणि समुपदेशनाची सोय असेल तिथेच हे इंजेक्शन वापरू, असं सरकारला तेव्हा म्हणावं लागलं. दरम्यान 1993 मध्ये डेपो-प्रोव्हेरा खासगी बाजारात आलं होतं. 2017 पासून तेच औषध 'अंतरा' या नावाने सरकारी दवाखान्यात मोफत मिळू लागलं. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन.

आता रक्त का जातं, ते पाहू. या इंजेक्शनात फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर पातळ आणि नाजूक होतं, मधूनच सुटतं. म्हणून पहिले काही महिने डाग लागतात, कधी आठवडेच्या आठवडे जातं. पुढे अनेकींची पाळी थांबते. बहुतेक वेळा यात धोका नसतो. पण एकदा दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही, तीन महिने थांबावंच लागतं.

डॉक्टरांच्या कागदावर 'अनियमित रक्तस्राव' एवढंच लिहिलेलं असतं. आपल्याकडे बाजूला बसणं पाळणाऱ्या घरात त्याचा अर्थ काय होतो? वीस दिवस चूल बंद, देवघर बंद, सासूची बोलणी. ती रोजंदारीवर असेल तर खाडे. आधीच रक्त कमी असेल तर चक्कर.

आमचं म्हणणं साधन वाईट आहे असं नाही. कित्येक बायकांना नवऱ्याला न विचारता वापरता येणारा हा एकच उपाय वाटतो, तेही खरं आहे. पण 1965 आणि 1985, दोन्ही वेळा बिघडलं ते सांगण्यात आणि विचारण्यात. म्हणून सिस्टरना, आशाताईंना आधीच विचारा: रक्त किती दिवस जाईल, कधी दाखवायला यायचं, नको वाटलं तर दुसरं काय आहे? फार जात असेल, चक्कर येत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या बायकांचे आधी.