तळटीप १४ : ‘तोरण्याची एकटी ओळ’

१४. जावा भाषेत जेनेरिक्स २००४ साली, पाचव्या आवृत्तीत आले. जेयूनिट ४ च्या पॅरामीटराइज्ड चाचणीत माहितीची प्रत्येक ओळ म्हणजे ऑब्जेक्टांचा एक अ‍ॅरे. भोरचा रोहिडा आणि वेल्ह्याचा तोरणा अशा दोन ओळी द्विमितीय अ‍ॅरेतून दिल्या, की ‘अ‍ॅरेज.अ‍ॅजलिस्ट’ ओळींची यादी करते. तोरण्याचा एकटा साधा अ‍ॅरे दिला, तर कंपायलर त्यालाच सगळी यादी धरतो : नाव, तालुका, १४०३ मीटर उंची हे सुटे घटक होतात आणि जेनेरिक्सला हवा असलेला ओळींच्या यादीचा प्रकार जुळत नाही. येथे भले भले अडखळतात, कारण दोन ओळींना चाललेला कोड एकीला का चालू नये हे चटकन उमगत नाही. आठव्या आवृत्तीत (२०१४) प्रकारांचे अनुमान पुष्कळ सुधारले. तरी ही अडचण राहिली. म्हणून पुढच्या ओळीत ‘कलेक्शन्स.सिंगलटनलिस्ट’ आहे; ती अ‍ॅरे उलगडत नाही.