लेबलाच्या पलीकडचे मेगाहर्ट्झ

४.७७. हा आकडा ज्यांना ओळखीचा वाटतोय त्यांनी आता वय लपवायचा प्रयत्न सोडून द्यावा! १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला, त्यातला इंटेल ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. गंमत म्हणजे चिप होती ५ मेगाहर्ट्झची. मग हे ४.७७ आलं कुठून? तर अमेरिकन रंगीत टीव्हीतून. तिथल्या टीव्हीच्या रंगांसाठी साधारण ३.५८ मेगाहर्ट्झचा सिग्नल लागायचा. त्याच्या चौपट, म्हणजे १४.३१८ मेगाहर्ट्झचा एक क्रिस्टल बसवला की चारने भागून टीव्हीचं काम होतं आणि तीनने भागून प्रोसेसरचं. दोन क्रिस्टलऐवजी एकात भागलं, पैसे वाचले. विषय संपला.

सांगायचा मुद्दा असा की प्रोसेसरचा वेग हा काही निसर्गनियम नव्हे. तो कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेला असतो. ठरवताना चिपची कुवत बघतात, तशीच किंमत, वॉरंटी, आणि आपलाच महागडा मॉडेल मार खाणार नाही ना, हेही बघतात. चिपला जमतं तेवढं आणि लेबलावर लिहिलंय तेवढं, या दोन्हींमध्ये एक फट राहते. ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास म्हणजे ही फट कोणाच्या मालकीची, या भांडणाचा इतिहास आहे. मी स्वतः यात अगदी नवशिका. एका स्वस्त, छोट्या पीसीच्या निमित्ताने शिरलो आणि नेहमीप्रमाणे सेटिंगपेक्षा इतिहासातच जास्त रमलो.

पहिली मोठी चकमक १९८४ च्या आयबीएम पीसी एटीवर झाली. यात ८०२८६ प्रोसेसर, वेग ६ मेगाहर्ट्झ. बोर्डवर १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याला दोनने भागून सहा. लोकांच्या लक्षात आलं की तो क्रिस्टल काढून १६ मेगाहर्ट्झचा लावला की मशीन सरळ ८ मेगाहर्ट्झवर पळतं. काही डॉलरच्या तुकड्यात एक तृतीयांश वेग जास्त! आयबीएमला हे अर्थातच आवडलं नाही. नंतरच्या बायॉसमध्ये त्यांनी चक्क वेग तपासणारी चाचणी घातली, मशीन ठरल्यापेक्षा जोरात पळतंय असं दिसलं की ते सुरूच व्हायचं नाही. म्हणजे मशीन तुमचं, पैसे तुमचे, पण पळायचं किती ते आम्ही सांगणार. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत परत भेटणार आहे.

आता ही फट मुळात येते कुठून? सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर शेकडो चिप बनतात. सगळ्या एकाच साच्यातल्या, तरी प्रत्येक थोडी वेगळी निघते. मग त्यांची चाचणी होते आणि प्रतवारी लागते: ही जोरात पळते, ही मध्यम, हिचा एक भाग बंद करून स्वस्तात विकू. याला बिनिंग म्हणतात. आयटीवाल्यांना हे वेगळं समजवायला नको, दरवर्षी अप्रेझलला आपलंही हेच होतं. आणि अप्रेझलसारखीच इथेही ग्यानबाची मेख आहे. बाजाराला स्वस्त चिप जास्त हव्या असतात, आणि कारखाना मात्र एव्हाना सुधारून चांगल्याच चिप जास्त काढायला लागलेला असतो. मग काय करणार? उत्तम चिपवर साधं लेबल लावून विकायचं. बेल कर्व्ह भरायचा तर कुणालातरी 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' द्यावंच लागतं ना!

या खेळातला सगळ्यात गाजलेला हिरो म्हणजे सेलेरॉन ३००ए. इंटेलने १९९८ च्या एप्रिलमध्ये पहिली सेलेरॉन आणली ती दुसऱ्या पातळीची कॅश काढूनच टाकून, त्यामुळे ती अगदीच मंद निघाली आणि लोकांनी नावं ठेवली. ऑगस्टमध्ये ३००ए आली. हिच्यात १२८ किलोबाइट कॅश, पण ती थेट प्रोसेसरच्याच चिपवर आणि प्रोसेसरच्याच पूर्ण वेगाने चालणारी. महागड्या पेंटियम २ ची कॅश ५१२ किलोबाइट असली तरी वेगळ्या चिपवर होती आणि निम्म्या वेगाने चालायची. सेलेरॉनचा वेग ठरायचा असा: बस ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, झाले ३००. गुणक इंटेलने कुलूपबंद केला होता. पण बस? ती मदरबोर्डच्या हातात! बस १०० केली की साडेचार गुणिले शंभर, बरोबर ४५०.

आणि त्याच महिन्यात इंटेलने आणलेला सगळ्यात वरचा पेंटियम २ कितीचा होता? ४५० चा. त्याची घाऊक किंमत ६६९ डॉलर, सेलेरॉन ३००ए ची १४९. ॲबिट कंपनीच्या बीएच६ सारख्या मदरबोर्डवर तर जंपर हलवायचीही गरज नव्हती, बायॉसमध्ये जाऊन आकडा बदलायचा. ज्या बोर्डांवर ही सोय नव्हती तिथे लोकांनी प्रोसेसरच्या कार्डावरच्या एका पिनवर टेप चिकटवली, की बोर्डला वाटायचं ही १०० मेगाहर्ट्झचीच चिप आहे. सगळ्याच ३००ए ४५० वर टिकायच्या असं नाही, पण टिकणाऱ्या इतक्या होत्या की ही चिप दंतकथा झाली.

मला यातली खरी गोष्ट वाटते ती ही. ज्याच्या खिशात १४९ डॉलर होते त्याला ६६९ वाल्याच्या तोडीचं मशीन मिळालं, ते कुणाच्या मेहेरबानीने नाही, तर आतलं यंत्र कसं चालतं हे समजून घेतल्यामुळे. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एकेक पार्ट निवडून 'असेंबल्ड' पीसी बांधणाऱ्यांना ही भावना पटकन कळेल.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचा छाप मारून त्या महाग विकणारे ठग त्या काळात खरंच होते, आणि गुणकाला कुलूप घालायचं एक कारण इंटेलने तेच दिलं. पण कुलूप आलं की किल्ली शोधणारेही येतात. २००० साली एएमडीच्या ड्युरॉन आणि ॲथलॉन चिपवर गुणकाचे बारीक धातूचे पूल लेझरने तोडलेले असायचे. लोकांनी ते साध्या शिसपेन्सिलीने जोडले! ग्राफाइटमधून वीज वाहते, बस्स. पुढच्या पिढीत एएमडीने त्या जागी खड्डेच पाडले, मग पेन्सिल नुसती फिरवून भागेना.

यानंतर कंपन्या शहाण्या झाल्या. त्यांनी फट बुजवली नाही, ती विकायला काढली. २०१० मध्ये इंटेलने पेंटियम जी६९५१ साठी चक्क ५० डॉलरचं कार्ड आणलं. मोबाइल रिचार्जसारखं खरवडा, कोड टाका, की तुमच्याच प्रोसेसरमधली बंद ठेवलेली कॅश आणि हायपर-थ्रेडिंग सुरू! प्रचंड टीका झाली आणि २०११ मध्ये ती योजना गुंडाळली. पण त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या सँडी ब्रिजमध्ये बसचा वेग जवळपास सगळ्याच घटकांशी बांधला गेला, त्यामुळे सेलेरॉनवाली युक्ती संपली. वेग वाढवायचा तर नावात 'के' असलेली चिप घ्या: आय५-२५०० ची किंमत २०५ डॉलर, २५००के ची २१६. फटीचा भाव ठरला, ११ डॉलर.

आणि मग भौतिकशास्त्रानेही हात वर केले. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होतो तसं व्होल्टेजही उतरवता येतं, त्यामुळे तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. पुढची तीसेक वर्षं मेगाहर्ट्झ वाढत राहिले ते या पुण्याईवर. २००५ च्या आसपास ती पुण्याई संपली. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला तो काही उगीच नाही. २००८ मध्ये टर्बो बूस्ट आलं, म्हणजे गारवा आणि वीज शिल्लक असेल तर चिप स्वतःच वेग वाढवते. थोडक्यात, फट आता चिप स्वतःच खाते. आपल्यासाठी ताटात राहिलेली खरकटी शितं.

मग नवशिक्याने आज करायचं काय? आता माझ्या टेबलावरच्या डब्याकडे येतो. सेकंडहँड घेतलेला रायझन ३ २२००जी, १७ सेंटिमीटर चौरस मदरबोर्ड, छोटी केस, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ही चिप फेब्रुवारी २०१८ मध्ये ९९ डॉलरला आली: चार कोअर, ३.५ गिगाहर्ट्झ, आणि आतच व्हेगा ८ ग्राफिक्स. चिपला कुलूप नाही, कुलूप बोर्डाला आहे. ए३२० चिपसेटचा बोर्ड प्रोसेसरचा वेग वाढवू देत नाही, बी४५० देतो. घेताना बघून घ्या.

पहिला मोह प्रोसेसरचा आकडा वाढवायचा होतो. जरा हिशेब करू. उष्णता वाढते वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.५ चे ३.९ गिगाहर्ट्झ केले आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं, तर वेग वाढला ११ टक्के आणि उष्णता सुमारे ४१ टक्के! छोट्या केसमध्ये, छोट्या कूलरखाली, पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी. नको रे बाबा.

खरी गोम वेगळीच आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी असते. जीटीएक्स १०५० सारखं साधं कार्डसुद्धा सेकंदाला ११२ गिगाबाइट डेटा ओढतं. आतल्या ग्राफिक्सला मात्र प्रोसेसरशी वाटून घेत साध्या रॅमवरच जगावं लागतं. डीडीआर४-२४०० ची एकच स्टिक लावली तर सेकंदाला १९.२ गिगाबाइट. दोन स्टिक, वेग ३२०० केला तर ५१.२. अडीचपटीहून जास्त! ग्राफिक्सचा वेग वाढवला तरी डेटाच पोचत नसेल तर ते नुसतं रिकाम्या ताटावर हात मारत बसतं.

म्हणून क्रम असा. आधी रॅमच्या दोन सारख्या स्टिक, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये. मग बायॉसमध्ये एक्सएमपी (काही बोर्डांवर नाव वेगळं असतं). या चिपचा अधिकृत रॅम वेग २९३३ आहे, म्हणजे ३२०० केलंत की तुम्ही ओव्हरक्लॉकर झालातच! मग ग्राफिक्स ११०० मेगाहर्ट्झवरून ५०-५० च्या पायरीने वर, प्रत्येक पायरीला तासभर गेम आणि तापमानावर डोळा. पडद्यावर ठिपके दिसले किंवा मशीन अडकलं की एक पायरी खाली. सुरूच झालं नाही तर बोर्डवरची सीएमओएस क्लिअर करा, सगळं मूळपदावर येतं. आणि हो, ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. माझा डबा १४५० वर स्थिरावला. पण मनापासून सांगतो, जाणवण्यासारखा फरक पडला तो दुसऱ्या स्टिकने. गेम अडखळायचा थांबला.

१९९८ चा चमत्कार आता परत होणार नाही. चिपमधली फट काही कुलपात गेली, काही किमतीत, उरलेली टर्बोत. पण जिथे कुणी लेबलच लावलेलं नाही, जसा रॅम आणि ग्राफिक्समधला रस्ता, तिथे अजून थोडी जागा आहे. ती सापडते ती तोच जुना प्रश्न विचारून: हा आकडा ठरवला कोणी, आणि कशासाठी? क्रिस्टल बदलणाऱ्यांनी विचारला, पेन्सिलवाल्यांनी विचारला, आपणही विचारावा. फुकट आहे, आणि वॉरंटीही जात नाही.

असो. लांबलं बरंच. चहा थंड झाला, डबा मात्र झाला नाही!