गिरगावातला तुकाराम

1849 साली मुंबईत काही शिकलेली मंडळी दारं लावून एकत्र जमत. परमहंस सभा हे त्यांच्या मंडळाचं नाव. जातिभेद मानायचा नाही, मूर्तीपुढे वाकायचं नाही, ही त्यांची प्रतिज्ञा. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. पुढे सभासदांची यादी चोरीला गेली, नावं उघड होण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. या सभेतल्या लोकांना भित्रे म्हणणं मला पटत नाही. पंगतीतून उठवलं जाण्याचा, मुलींची लग्नं अडण्याचा तो काळ होता. पण लपून खाल्लेल्या पावावर धर्म उभा राहत नाही, हेही खरंच. त्याला उघड्यावर म्हणायचे शब्द लागतात, सूर लागतो.

ते शब्द मिळायला जवळजवळ वीस वर्षं गेली. 1864 मध्ये बंगालहून ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन मुंबईत आले आणि त्यांच्या व्याख्यानांनी शहर हललं. 31 मार्च 1867 रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला. व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे हे धाकटे भाऊ, आणि दादोबा तर परमहंस सभेतलेच. म्हणजे एकाच घरात आधी बंद दारामागची सभा झाली आणि मग उघड प्रार्थना. लवकरच न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर येऊन मिळाले. 1873 पासून ‘सुबोध पत्रिका’ निघू लागली आणि गिरगावात समाजाचं मंदिर उभं राहिलं. त्या भागालाच आता ‘प्रार्थना समाज’ म्हणतात. बसमध्ये ते नाव घेणाऱ्या किती जणांना आत काय म्हटलं जाई हे ठाऊक असेल?

आत तुकाराम म्हटला जाई. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. बंगालच्या ब्राह्मो मंडळींनी उपनिषदांचा आधार घेतला. मुंबईकरांना आपला आधार घरातच सापडला. नेमक्या त्याच सुमारास, 1869 मध्ये, शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी संपादित केलेली तुकारामाची गाथा सरकारी मदतीने इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडू लागली. वारकऱ्यांच्या पाठात आणि बाडांत असलेला तुकाराम वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांच्या टेबलावर आला. समाजाच्या ‘प्रार्थनासंगीत’ या पदसंग्रहात अभंगांना मानाची जागा मिळाली. न्यायाधीश म्हणून मुंबई इलाख्यात आलेले सत्येंद्रनाथ ठाकूर तर इथले अभंग बंगालीत घेऊन गेले.

यात एक पेच होता आणि त्या मंडळींनी तो मनापासून सोसला. मूर्ती नको म्हणणारी माणसं, आणि त्यांच्या ओठांवर विटेवरच्या विठ्ठलासाठी तळमळणाऱ्याची वाणी. विठ्ठल म्हणजे तो एकच निराकार ईश्वर, असा अर्थ लावून ते पुढे जात. मी वारकरी घरात वाढले, त्यामुळे हा अर्थ मला आजही जरा कोरडा वाटतो. माझ्या आजीला विठ्ठलाचा अर्थ लावावा लागला नाही. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना ती अभंग म्हणे आणि मधेच आम्हाला ओरडून परत त्याच ओळीवर येई. तिची उपासना कामातून वेगळी काढताच आली नसती.

पण रानड्यांच्या बाबतीत मला असं म्हणवत नाही. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत त्यांच्या पहाटेबद्दल लिहिलं आहे. उठल्याबरोबर अंथरुणातच ते अभंग म्हणत आणि त्यात रंगून जात. दिवसभर निकालपत्रं लिहिणारा, अर्थशास्त्रावर बोलणारा हा माणूस उजाडण्यापूर्वी एका वाण्याच्या कवितेला शरण जाई. ही रविवारची व्याख्यानातली श्रद्धा नव्हे. त्यांची आणि आजीची पहाट मला एकाच जातीची वाटते.

समाजाची दुबळी बाजूही सांगायलाच हवी. रविवारी मंदिरात एकेश्वराची प्रार्थना आणि सोमवारी घरात जुनी कर्मं जशीच्या तशी, असं पुष्कळांचं चाले. 1873 मध्ये पहिली पत्नी गेल्यावर खुद्द रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी, म्हणजे याच रमाबाईंशी, लग्न केलं. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, म्हणून लोकांनी बोल लावला आणि तो बोल योग्यच होता. भांडारकरांनी मात्र पुढे आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला. पंढरपुरात 1875 मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने टाकून दिलेल्या बाळांसाठी आणि अडलेल्या विधवांसाठी आश्रम निघाला आणि समाजाने तो सांभाळला. जिथे विठ्ठलाच्या पायांवर गर्दी लोटते, त्याच गावात मूर्ती न मानणाऱ्यांनी कुणाला नको असलेली तान्ही मुलं उचलून घेतली. पंढरपूरचं नाव निघालं की मला हे आधी आठवतं.

भक्ती आणि सेवेचा हा धागा विठ्ठल रामजी शिंद्यांनी शेवटपर्यंत ओढत नेला. जमखंडीचं मराठा घराणं, वडील वारकरी. प्रार्थना समाजाने त्यांना घडवलं, आणि युनिटेरियन या एकेश्वरवादी ख्रिस्ती मंडळींच्या मदतीने 1901 मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकायला गेले. 1903 मध्ये परतले ते समाजाचे प्रचारक होऊन. शिकलेल्यांच्या सभागृहात त्यांचं मन रमलं नाही. उदार धर्म उदार असेल तर तो महारवाड्यात, मांगवाड्यात का जात नाही, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी आपल्याच लोकांना विचारला. 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी निराश्रितांसाठीचं मिशन सुरू केलं. परळला पहिली शाळा निघाली. बहीण जनाबाई त्या कामात उतरल्या, सगळं घरच मिशनचं झालं. पुढे पुण्यात त्यांनी कौटुंबिक उपासना मंडळही काढलं, कारण प्रार्थना मंदिरातून उठून घरात, बायकामुलांत यावी अशी त्यांची इच्छा होती. मिशनच्या कामात शाळा आणि वसतिगृहांच्या जोडीला भजनही होतं, आणि शिंद्यांनी ते कधी दुय्यम मानलं नाही.