ओळखखुणेचा रकाना

मॉरिशसहून एक मराठी गृहस्थ काही महिन्यांच्या मुक्कामासाठी कोकणात येणार होते. भारताच्या ई-व्हिसाच्या अर्जात भारतातील परिचित व्यक्तीचे नाव व पत्ता द्यावा लागतो. तेथे आमचे नाव घालण्याची अनुमती त्यांनी मागितली आणि त्या निमित्ताने भरत आणलेला सगळा अर्जच आमच्याकडे वाचावयास पाठवला. सोबत एक शंका होती. ‘शरीरावरील दृश्य ओळखखूण’ या रकान्यात काय लिहावे? तसे काही नाही. आम्ही उत्तर देण्यापूर्वीच त्यांचा दुसरा निरोप आला: आमच्या खापरपणजोबांच्या कागदावरही हाच रकाना आहे, आणि तेथे ‘डाव्या पोटरीवर व्रण’ असे लिहिले आहे.

प्रवासाच्या साहित्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रवासाच्या कागदांविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. वास्तविक अर्ज, परवाना, पास हेदेखील एक प्रकारचे लेखन आहे. त्याला निवेदक आहे, नायक आहे, आणि नायकाने काय सांगावे हे आधीच ठरवून देणारा एक अदृश्य संपादकही आहे. या दोन कागदांकडे आम्ही त्या दृष्टीने पाहू इच्छितो.

पहिल्या कागदाची कथा १८३४ पासून सुरू होते. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येत होती आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून कलकत्त्याहून निघालेली छत्तीस माणसे पोर्ट लुईला उतरली. पुढील सुमारे आठ दशकांत जवळजवळ पाच लाख माणसे त्याच बंदरातून आत गेली. त्यांपैकी मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी बोलणारी, विशेषतः कोकणातील व घाटावरील, माणसे होती. करारपत्राला ती ‘गिरमिट’ म्हणू लागली. इंग्रजी शब्द जिभेवर घासून झालेला हा एक शब्दच त्या काळाचा इतिहास सांगण्यास पुरेसा आहे.

उतरलेल्या प्रत्येकाची नोंद होई. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, शरीरावरील खूण आणि एक क्रमांक. सांगणारा मराठीत सांगे, दुभाष्या त्याचे काही करी, आणि कारकून आपल्या कानाला आले तसे रोमन लिपीत उतरवी. त्यामुळे गावांची नावे ओळखू येईनाशी झाली. आडनावांचे तर आणखी वेगळे झाले. ज्याने केवळ आपले नाव सांगितले, त्याचे ते नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव बनले. आज मॉरिशसमध्ये सखाराम हे आडनाव म्हणून आढळते, त्यामागे हीच प्रक्रिया आहे. आमच्या परिचितांनी ई-व्हिसाच्या ‘आडनाव’ या चौकटीत जे भरले, ते असेच एका माणसाचे पाळण्यातले नाव आहे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून दफ्तरे धुंडाळली आणि अस्सल कागदाला बखरीहून अधिक मान दिला. तो धडा आपण पाठ केला आहे. परंतु अस्सल कागदसुद्धा कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेला असतो, हे अशा नोंदवहीपुढे उभे राहिल्यावर तीव्रतेने जाणवते. तिच्यातील नाव, वय आणि गाव हे सारे ऐकीव आहे. उंची आणि व्रण या दोनच गोष्टी कारकुनाने आपल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. म्हणजे ज्या कागदाने माणसाचे नाव विपर्यस्त केले, त्याच कागदाने त्याच्या पोटरीवरचा व्रण मात्र अचूक जपला.

खुणेची ही भूक पुढे वाढत गेली. १८६७ च्या मॉरिशसमधील कायद्याने करार संपलेल्या ‘जुन्या’ मजुरांनाही छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ बाळगणे सक्तीचे केले. ते नसेल तर भटक्या म्हणून अटक होई. याविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याच्या साहाय्याने ९,४०१ जणांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, आणि १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. ज्यांच्याविषयी आजवर इतरांनीच लिहिले होते, त्यांनी स्वतः अर्ज लिहविला, हे आम्हांस या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

दुसरे एक वर्ष १९१७. युद्धकाळातील भारत संरक्षण कायद्याच्या आधारे त्या वर्षी गिरमिटिया मजुरांची निर्यात थांबविण्यात आली, आणि त्याच कायद्याखालील नियमांनी समुद्रमार्गे देश सोडणाऱ्यास पारपत्र आवश्यक केले. एक दार बंद झाले आणि दुसऱ्या दाराला कुलूप बसले. मजुराचा पास आणि सभ्य प्रवाशाचे पारपत्र ही दोन वेगळी कुळे आहेत असे आपण मानतो. ती एकाच घरात नांदली, असे ही तारीख सांगते.

इलेक्ट्रॉनिक परवान्याची वाट ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये दाखविली. भारताने २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांच्या नागरिकांसाठी ही सोय सुरू केली, आणि त्या पहिल्या यादीत मॉरिशस होता. रांग गेली, खिडकी गेली, दुभाष्याही गेला. आपले नाव आता आपणच टंकतो, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र रकाने राहिले: बापाचे नाव, धर्म, ओळखखूण. विमानतळावर बोटांचे ठसेही द्यावे लागतात. ही पद्धतही आपल्याच भूमीतील. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय स्थापन झाले. निरक्षर माणसाला आपण ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवीत आलो. आता विद्यापीठाचा प्राध्यापकही त्याच ओळीत अंगठा पुढे करून उभा असतो.

येथे एक सोपा निष्कर्ष टाळला पाहिजे. ई-व्हिसा म्हणजे नवे गिरमिट नव्हे. आमचे परिचित स्वेच्छेने आले, स्वेच्छेने परतले. त्यांच्या पूर्वजाला ती मुभा नव्हती. रकाना तोच असला तरी त्यापुढे उभा असलेला माणूस बदलतो, आणि त्यामुळे रकान्याचा अर्थही बदलतो. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या भेटीत एक घोषणा केली: भारतीय वंशाच्या तेथील सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळू शकेल. त्यासाठी वंशाचा पुरावा हवा, आणि तो कोठे आहे? महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या त्याच मजूर-नोंदींत. ज्या वहीने माणसाला क्रमांक केले, तीच आज त्याच्या पणतवंडांना गावाकडचा रस्ता दाखविते.

आमच्या परिचितांनी ओळखखुणेच्या रकान्यात अखेर ‘नाही’ असे लिहिले. कोकणात आल्यावर त्यांनी तो जुना कागद आम्हांला दाखविला. गावाचे नाव आम्ही दोघांनी बराच वेळ वेगवेगळे उच्चार करून वाचून पाहिले आणि शेवटी दोन गावांपाशी अडलो. दोन्ही गावांना ते जाऊन आले. व्रण कशाने झाला, विळ्याने की आणखी कशाने, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नव्हता. आजच्या अर्जावरही तो नाही.