कॅमेरा खाली ठेवल्यानंतरची चाळीस वर्षे : होमाई व्यारावाला

१/१७
छायाचित्रकाराचे सर्वोत्तम काम कोणते, या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर दिले जाते : ‘ते अजून व्हायचे आहे.’ उत्तर ऐकायला नम्र वाटते, आशादायीही वाटते. पण इतिहासाच्या अभ्यासकाला ते तपासून पाहावे लागते. ज्या व्यक्तीने ऐन भरात असताना कॅमेरा खाली ठेवला आणि पुन्हा व्यवसायासाठी कधीच उचलला नाही, तिच्या बाबतीत या उत्तराचे काय होते? भारताच्या इतिहासात अशी एक व्यक्ती आहे. हा थ्रेड तिच्याविषयी.

२/१७
होमाई व्यारावाला. जन्म ९ डिसेंबर १९१३, नवसारी, पारशी कुटुंब. वडील दोसाभाई हाथीराम उर्दू-पारशी रंगभूमीवरील नट होते. फिरत्या नाटक मंडळीबरोबर कुटुंबाचा मुक्कामही फिरता असे. पुढे शिक्षणासाठी त्या मुंबईत आल्या. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांची ओळख सांगितली जाते. परंतु ‘पहिल्या’ या विशेषणात अडकले, की त्यांनी नेमके काय काम केले याकडे दुर्लक्ष होते.

३/१७
मुंबईत त्यांची मानेकशॉ व्यारावाला यांच्याशी ओळख झाली. मानेकशॉ छायाचित्रणाचे जाणकार होते. कॅमेरा हाताळण्याचे आणि डार्करूममधील कामाचे धडे होमाईंनी त्यांच्याकडून घेतले. पुढे दोघांचा विवाह झाला. त्याच काळात त्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, म्हणजे तेव्हाच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या. चौकट कशी बांधावी, उजेड कोठून घ्यावा, रिकामी जागा किती सोडावी, ही समज केवळ बातमीमागे धावून येत नाही. तिच्यामागे चित्रकलेचे शिक्षण होते.

४/१७
१९३८च्या सुमारास स्त्रियांच्या एका मंडळाच्या सहलीची त्यांनी काढलेली छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आली. मोबदला होता प्रत्येक छायाचित्राला एक रुपया. पुढे ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’मध्ये त्यांचे काम येऊ लागले. मात्र सुरुवातीची कित्येक छायाचित्रे मानेकशॉंच्या नावाने छापली गेली. होमाई अपरिचित होत्या, शिवाय स्त्री होत्या. संपादकाच्या टेबलावर पुरुषाचे नाव सहज स्वीकारले जाई. हा तपशील लक्षात ठेवावा. थ्रेडच्या शेवटी तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

५/१७
१९४२मध्ये हे दांपत्य दिल्लीला गेले. तेथे ब्रिटिश माहिती सेवेत काम आणि त्याबरोबरच नियतकालिकांसाठी छायाचित्रण, असा दुहेरी क्रम सुरू झाला. सायकलवरून, साडी नेसून, खांद्यावर अवजड कॅमेऱ्याचे ओझे घेऊन जाणाऱ्या होमाई राजधानीतील समारंभांत नेहमी दिसू लागल्या. पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दीत एकच स्त्री. तिला फारसे कोणी गंभीरपणे घेत नसे, आणि म्हणूनच तिला अनेक ठिकाणी निर्वेध वावरता येई. उपेक्षेचा असाही उपयोग होतो.

६/१७
त्या काळातील साधनांचा विचार केल्याशिवाय हे काम समजत नाही. स्पीड ग्राफिक हा मोठा, जड कॅमेरा. एक छायाचित्र घेतले की फिल्मचा होल्डर फिरवायचा किंवा बदलायचा. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटे. तो तापलेला बल्ब काढून नवा बसवायचा. रोलीफ्लेक्समध्ये एका रोलवर बारा छायाचित्रे मिळत. आज एका मिनिटात शंभर छायाचित्रे काढणाऱ्यांना ही शिस्त परकी वाटेल. समोरच्या माणसाचा हात कधी उचलेल, मान कधी वळेल, याचा अंदाज आधीच बांधावा लागे. बटण दाबायचे ते त्यानंतर.

७/१७
या शिस्तीतून १९४७चा दस्तऐवज तयार झाला. जून १९४७मध्ये फाळणीच्या योजनेला संमती देण्यासाठी काँग्रेसच्या बैठकीत हात वर झाले. ते वर झालेले हात होमाईंच्या छायाचित्रात आहेत. ठरावाचा मजकूर अभिलेखागारात वाचता येतो. पण त्या खोलीत माणसे कशी दाटीवाटीने बसली होती आणि निर्णय घेणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर किती थकवा होता, हे मजकूर सांगत नाही. लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण, पाकिस्तानला जाण्यापूर्वी जीनांनी घेतलेली पत्रकार परिषद आणि १९४८मध्ये माउंटबॅटन यांचे भारतातून प्रस्थान हेही त्यांनी टिपले.

८/१७
आणि मग ३० जानेवारी १९४८. त्या दिवशी होमाई गांधीजींच्या प्रार्थनासभेला जाण्यासाठी निघाल्या होत्या. मानेकशॉंनी त्यांना परत बोलावले; दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जायचे ठरले. तो दुसरा दिवस अंत्ययात्रेचा ठरला. अंत्यसंस्काराची छायाचित्रे त्यांनी घेतली. पण त्या सभेला आपण नव्हतो, ही हळहळ त्यांना अखेरपर्यंत राहिली. आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे छायाचित्र पुढे नाही, तर मागे, आणि तेही न काढलेले, असे मानणारा छायाचित्रकार त्या नम्र उत्तराने समाधानी कसा होईल?

९/१७
पुढची दोन दशके नव्या प्रजासत्ताकाची होती. पंडित नेहरू हे होमाईंचे सर्वांत आवडते छायाचित्रविषय. कबूतर सोडणारे नेहरू. विमानतळावर भगिनी विजयालक्ष्मी पंडित यांना मिठी मारणारे नेहरू. ‘छायाचित्रणास सक्त मनाई’ अशा फलकाशेजारी निवांत उभे असलेले नेहरू. १९५६मध्ये नथुला खिंडीतून सिक्कीममध्ये आलेले तरुण दलाई लामा त्यांनी टिपले. राणी एलिझाबेथ आणि जॅकलिन केनेडी यांचे भारत दौरेही त्यांच्या कॅमेऱ्यात आले. १९६४मध्ये नेहरूंची अंत्ययात्रा आली, १९६६मध्ये शास्त्रीजींची.

१०/१७
याच काळात त्यांचे ‘डालडा १३’ हे टोपणनाव रूढ झाले. त्याचा वनस्पती तुपाशी संबंध नव्हता. जन्म १९१३चा, मानेकशॉंशी पहिली भेट तेराव्या वर्षी आणि पहिल्या मोटारीचा क्रमांक डी.एल.डी. १३. या तीन योगायोगांतून हे नाव घडले. एकेकाळी पतीच्या नावाआड झाकलेली ही छायाचित्रकार आता स्वतः निवडलेल्या नावाने ओळखली जात होती. तेरा हा अशुभ मानला जाणारा आकडा तिने आपली खूण म्हणून मिरवला.

११/१७
१९६९मध्ये मानेकशॉंचे निधन झाले. १९७०मध्ये होमाईंनी व्यवसाय सोडला. वय छप्पन्नच्या आसपास. प्रकृती ठीक, हात स्थिर, नाव मोठे. मग का सोडला? पुढे त्यांनी स्वतःच कारण सांगितले : व्यवसायाचे वळण बदलले होते. त्यांच्या पिढीतील छायाचित्रकार पोशाखाचा, अंतराचा आणि समोरच्याच्या प्रतिष्ठेचा संकेत पाळत. नव्या पिढीतील धक्काबुक्की त्यांना रुचली नाही. ज्या रीतीने काम करावेसे वाटत होते ती रीतच उरली नसेल, तर काम तरी कशाला करावे, असा तो निर्णय होता.

१२/१७
येथे खरा वाद सुरू होतो. १९७०नंतर लगेच १९७१चे युद्ध आले. १९७५ची आणीबाणी आली, १९७७चे सत्तांतर आले. दिल्लीच्या दालनांत सर्वत्र प्रवेश असलेली, नेत्यांच्या हालचाली पाठ असलेली व्यक्ती त्या वेळी कॅमेऱ्यामागे नव्हती. भारतीय इतिहासाचे हे नुकसान नव्हे काय? एका बाजूने पाहता उत्तर ‘होय’ असे आहे. निवृत्तीचा हक्क व्यक्तीचा असतो. पण तिच्या अनुपस्थितीची किंमत दस्तऐवजाला मोजावी लागते, हे इतिहासकाराने मान्य करावे.

१३/१७
दुसरी बाजू अमेरिकेतील एका उदाहरणातून दिसते. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर छायाचित्रे काढून ख्यातनाम झालेला गॅरी विनोग्रँड १९८४मध्ये छप्पन्नाव्या वर्षी वारला, म्हणजे होमाई थांबल्या साधारण त्याच वयात. त्याच्या मागे सुमारे २,५०० रोल न धुतलेले निघाले. अखेरच्या वर्षांत तो छायाचित्रे काढत राहिला, पण काढलेली पाहत नव्हता. त्याचा मोठा पुरस्कर्ता असलेल्या जॉन झारकोव्स्कीनेही त्या शेवटच्या कामात उतारच पाहिला. पुढच्या पिढीतील अभ्यासकांनी तेच रोल पुन्हा तपासले आणि त्यांत मोलाचे काही शोधले. सतत पुढे पाहत राहिले म्हणजे उत्तम काम होतेच असे नाही. आणि झालेच, तरी ते ओळखायला दुसऱ्याचे डोळे लागू शकतात.

१४/१७
याउलट पॅरिसचा यूजेन आत्झे. १८५७चा जन्म, उमेदीची वर्षे नटाच्या पेशात गेली. जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकाने आणि बागा तो तीन दशके टिपत राहिला. १९२५मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, सोच्या ओसाड उद्यानात काढलेली त्याची छायाचित्रे अनेक समीक्षकांना त्याच्या कामाचे शिखर वाटतात. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींना मृत्यूपूर्वी भेटलेला ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ? तोही १९७०च्या दशकात मुख्यतः चित्रे रेखाटण्याकडे वळला. तात्पर्य, वयाचा असा कोणताही नियम नाही. एकाचे शिखर अखेरीस येते, दुसरा शिखरावरून शांतपणे उतरतो.

१५/१७
होमाई उतरल्या त्या पिलानीला, मुलाकडे. नंतर त्याच्यासोबत वडोदऱ्याला. १९८९मध्ये मुलाचेही निधन झाले, आणि त्या एकट्या राहिल्या. स्वतःची कामे स्वतः करायची, मोडलेल्या वस्तू दुरुस्त करायच्या, असा दिनक्रम. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या एक स्वावलंबी पारशी बाई म्हणून ठाऊक होत्या. पुस्तकांत आणि मासिकांत त्यांची छायाचित्रे लोक पाहत होते. ती कोणी काढली, हे फारच थोड्यांना माहीत होते.

१६/१७
मग अभ्यासक आले. सबीना गडिहोक यांनी १९९०च्या दशकात त्यांच्यावर माहितीपटातून प्रकाश टाकला आणि २००६मध्ये विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. २०१०मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या कामाचे समग्र प्रदर्शन भरवले. संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे जतनासाठी गेला. २०११मध्ये पद्मविभूषण मिळाले. १५ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले. या पुनर्शोधात केवळ नेहरू आणि माउंटबॅटन बाहेर आले नाहीत. १९३०च्या दशकाच्या अखेरची मुंबईही बाहेर आली : जे. जे.च्या विद्यार्थिनी, रोजच्या कामात गुंतलेल्या स्त्रिया, युद्धकाळातील शहर. होमाईंची सहाध्यायी रेहाना मुघल त्यांतील कित्येक छायाचित्रांत आत्मविश्वासाने उभी दिसते.

१७/१७
चौथ्या पोस्टमधील तपशील येथे पुन्हा आठवावा. मुंबईच्या त्या काळातील कित्येक छायाचित्रांवर होमाईंचे नावच नव्हते. नेत्यांची छायाचित्रे घेणारे त्या वेळी इतरही अनेक होते. पण शिकणाऱ्या, हसणाऱ्या, कॅमेऱ्याकडे न बुजता पाहणाऱ्या तरुण स्त्रियांची मुंबई त्यांच्याच वयाच्या एका स्त्रीने पाहिली, आणि तो दस्तऐवज दुर्मीळ आहे. भावी इतिहासकार होमाईंचे सर्वोत्तम काम म्हणून ध्वजारोहणाऐवजी ही छायाचित्रे निवडतील, हे अगदी शक्य आहे. ती त्यांनी पंचविशीच्या आसपास काढली होती. त्यांचे मोल कळायला साठाहून अधिक वर्षे गेली. म्हणजे १९७०मध्ये होमाई थांबल्या तेव्हा त्यांचे सर्वोत्तम काम खरोखरच ‘पुढे’ होते. फरक इतकाच की ते काढायचे राहिले नव्हते, पाहायचे राहिले होते. घरातील जुन्या अल्बममध्ये आजीने किंवा आत्याने काढलेले एखादे छायाचित्र असेल, तर त्याच्या मागे तिचे नाव आणि साल आजच लिहून ठेवावे. ते काम तिने केव्हाच करून ठेवले आहे. आपल्या वाट्याला फक्त नाव लिहिणे आले आहे.